टोपोलॉजिकल इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून वीज कशी वाहते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर मराठीत काहीही बोललं-लिहिलं की मागोमाग प्रश्न येतात. बरेचसे एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचे, काही कॉलेजातल्या शिक्षकांचे, आणि काही इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्या मंडळींचे. जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. एक आग्रह मात्र सगळ्या उत्तरांत दिसेल. पृष्ठभागावरून वीज वाहते हे सिद्धांताने केव्हाच सांगितलं. प्रयोगशाळेतली खरी कसोटी असते ती आतल्या गाभ्याला गप्प बसवण्याची.

१. टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणजे नेमकं काय?

आतून विद्युतरोधक, पण पृष्ठभागावरून वीज वाहून नेणारा पदार्थ. उदाहरणार्थ बिस्मथ सेलेनाइडचा स्फटिक. त्याच्या गाभ्यात इलेक्ट्रॉनांनी भरलेला संयुजा पट्टा आणि त्याच्या वरचा रिकामा वहन पट्टा यांच्यात सुमारे ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टची दरी असते. (सिलिकॉनमध्ये ही दरी १.१ आहे.) फर्मी पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरलेले असतात ती ऊर्जेची पातळी, या दरीत असली, की कमी तापमानाला गाभ्यातून प्रवाह जायला वाट उरत नाही. पृष्ठभागावर मात्र खालच्या पट्ट्यापासून वरच्या पट्ट्यापर्यंत अखंड जाणाऱ्या इलेक्ट्रॉन-अवस्था असतात, त्यामुळे तिथे दरीच नसते. या अवस्था पृष्ठभागापासून दोन-तीन नॅनोमीटर खोलीपर्यंतच असतात. पदार्थ पातळ, द्विमितीय असेल तर हेच सगळं त्याच्या कडांना लागू होतं.

२. मग प्लॅस्टिकला तांब्याचा मुलामा दिला तर तोही आतून रोधक आणि वरून वाहकच की! फरक काय?

मुलामा खरवडला की वहन संपतं. बिस्मथ सेलेनाइडच्या तुकड्यावर चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा ओढून काढा. जो थर एका क्षणापूर्वी गाभ्यात होता आणि रोधक होता, तो उघडा पडताच वाहक होतो. अणू तेच, रचना तीच, बदलली ती फक्त जागा. पुन्हा पापुद्रा काढा, पुन्हा तेच घडेल. ही वाहकता पृष्ठभागावर कुणी आणून ठेवलेली नसते. गाभ्याचाच एक गुण सीमेवर अशा रीतीने प्रकट होतो. तो गुण कोणता, ते पुढच्या उत्तरात.

३. यात टोपॉलॉजीचा काय संबंध?

टोपॉलॉजी, म्हणजे संस्थितिशास्त्र, समजावताना मेदूवडा आणि कानाचा कप यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं: दोघांनाही भोक एकच, म्हणून एकाला न फाडता दुसऱ्याचा आकार देता येतो. ते बरोबर आहे, पण इथे मला ते अपुरं वाटतं, कारण बिस्मथ सेलेनाइडमध्ये भोक कुठे आहे असं विद्यार्थी लगेच विचारतात.

त्यापेक्षा कमरेचा पट्टा घ्या. त्याला एक पीळ द्या आणि मग बक्कल लावा. आता पट्टा वाकवा, चुरगळा, ताणा; पीळ जात नाही. तो काढायचा तर बक्कल उघडावंच लागतं. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांनाही असा पीळ असू शकतो. तो स्फटिकाच्या आकारात नसतो, तर संवेग बदलत गेला की इलेक्ट्रॉनची तरंग-अवस्था कशी फिरत जाते त्यात असतो. इथे ‘बक्कल उघडणं’ म्हणजे ऊर्जेची दरी मिटणं.

बाहेरच्या हवेच्या किंवा निर्वाताच्या पट्ट्यांना पीळ नाही. पिळाचा पदार्थ आणि बिनपिळाचा निर्वात जिथे एकमेकांना भिडतात, तिथे कुठे ना कुठे बक्कल उघडावंच लागतं, म्हणजे दरी मिटावीच लागते. ती मिटते पृष्ठभागावर. दरी मिटली की वीज वाहणार. पृष्ठभागावरचं वहन ही अशी सक्तीची गोष्ट आहे.

पीळ येतो जड अणूंमुळे. बिस्मथचा अणुक्रमांक ८३. अशा अणूत इलेक्ट्रॉनची फिरकी, म्हणजे स्पिन, आणि त्याची कक्षीय गती यांची जोडणी इतकी बळकट असते की जो पट्टा एरवी वर असायचा तो खाली जातो आणि खालचा वर येतो. याला पट्ट्यांची उलटापालट म्हणतात.

‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण हटवादी माणसाबद्दल वापरतो. या स्फटिकाबद्दल ती मी कौतुकाने वापरतो. ओरखडे पडोत, साध्या अशुद्धी शिरोत, पृष्ठभाग ओबडधोबड असो, पीळ टिकतो. अर्थात तो काढण्याचे मार्ग आहेत. बिस्मथच्या जागी पुरेसं इंडियम घालत गेलं की दरी आधी मिटते, मग पुन्हा उघडते, आणि तेव्हा पीळ निघालेला असतो, कारण इंडियम हलकं आहे. दुसरा मार्ग चुंबकत्वाचा. तो प्रश्न ११ मध्ये.

४. ही कल्पना आली कुठून?

१९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना ग्रेनोबल इथल्या प्रबळ चुंबकांच्या प्रयोगशाळेत क्वांटम हॉल परिणाम सापडला. पातळ इलेक्ट्रॉन-थराचा हॉल रोध (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडवा निर्माण होणारा दाब भागिले प्रवाह) २५,८१२.८ ओहम या संख्येच्या नेमक्या अपूर्णांकांवर स्थिरावत होता, नमुना कितीही मळका असो. इतका नेमकेपणा येतो कुठून, याचं उत्तर १९८२ मध्ये डेव्हिड थाउलेस आणि सहकाऱ्यांनी टोपॉलॉजीतून दिलं. डंकन हॉल्डेन यांनी १९८८ मध्ये दाखवलं की असा परिणाम मिळायला बाहेरचं चुंबकीय क्षेत्र तत्त्वतः लागत नाही. थाउलेस, हॉल्डेन आणि मायकेल कॉस्टरलिट्झ यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

आपल्या विषयाची खरी सुरुवात २००५ ची. चार्ल्स केन आणि यूजीन मेले यांनी दाखवलं की स्पिन आणि कक्षेची जोडणी पुरेशी असेल तर चुंबकाशिवायही कडांवरून सुरक्षित वहन होईल. त्यांनी उदाहरण घेतलं ग्राफिनचं, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बन-थराचं, पण कार्बन हलका असल्यामुळे तिथे हा परिणाम फारच क्षीण. २००६ मध्ये बर्नेविग, ह्यूज आणि झांग यांनी योग्य पदार्थ सुचवला: कॅडमियम टेल्युराइडच्या दोन थरांत दाबलेला मर्क्युरी टेल्युराइडचा थर, जो ६.३ नॅनोमीटरपेक्षा जाड असला की पट्टे उलटतात. वर्षभरात, २००७ मध्ये, जर्मनीतल्या व्युर्झबुर्गला लॉरेन्स मोलेनकांप यांच्या गटाने तो परिणाम मोजून दाखवला. भाकीत आणि पडताळणी यांच्यात इतकं कमी अंतर या शास्त्रात क्वचितच दिसतं.

त्रिमितीय पदार्थांचा सिद्धांत २००७ च्या आसपास तीन गटांनी स्वतंत्रपणे मांडला. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या झाहिद हसन यांच्या गटाने बिस्मथ-अँटिमनी मिश्रधातूत तशा पृष्ठभाग-अवस्था पाहिल्या, आणि २००९ मध्ये बिस्मथ सेलेनाइड व बिस्मथ टेल्युराइड पुढे आले. आज बहुतेक प्रयोग याच कुळातल्या पदार्थांवर चालतात.

५. ‘इलेक्ट्रॉन मागे फिरू शकत नाही’ असं वाचतो. का नाही?

पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनची फिरकी त्याच्या गतीच्या दिशेशी जखडलेली असते: दोन्ही पृष्ठभागाच्या प्रतलात आणि एकमेकांना काटकोनात. उजवीकडे जाणाऱ्याची फिरकी समजा ‘पुढे’ असेल, तर डावीकडे जाणाऱ्याची ‘मागे’. वाटेत साधी, चुंबकीय नसलेली अशुद्धी आली, तर ती इलेक्ट्रॉनला ढकलेल, पण त्याची फिरकी उलटवू शकणार नाही. आणि फिरकी उलटल्याशिवाय मागे जाणारी वाट त्याला खुलीच नाही. अली याझदानी यांच्या गटाने २००९ मध्ये स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने बिस्मथ-अँटिमनीच्या पृष्ठभागावर या निषिद्ध विखुरण्याचा अभाव प्रत्यक्ष पाहिला.

आता गफलत कुठे होते ते सांगतो, कारण विद्यार्थी इथे हमखास चुकतात. पूर्ण बंदी आहे ती बरोबर १८० अंशांत मागे वळण्यालाच. फिरक्यांच्या जुळणीमुळे कोनाप्रमाणे शक्यता कमी होत जाते: सरळ पुढे पूर्ण, ९० अंशांना निम्मी, १८० अंशांना शून्य. द्विमितीय पदार्थाच्या कडेवर पुढे आणि मागे या दोनच दिशा आहेत, म्हणून तिथे संरक्षण जवळपास संपूर्ण. त्रिमितीय पदार्थाच्या पृष्ठभागावर मात्र ३० अंश, ९० अंश, १५० अंश अशा सगळ्या वाटा उघड्या असतात आणि इलेक्ट्रॉन विखुरतोच. ‘पृष्ठभागावर विखुरणं होत नाही’ हे वाक्य परीक्षेत लिहू नका.

६. म्हणजे रोध शून्य? ही अतिवाहकता आहे का? मोबाईल तापणं थांबेल का?

तिन्हींचं उत्तर नाही. अतिवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि रोध खरोखर शून्य होतो. इथे तसं काही नाही.

आदर्श कड घेतली तरी रोध उरतोच. मर्क्युरी टेल्युराइडच्या दोन कडा मिळून दोन टोकांमधला किमान रोध १२,९०६ ओहम असतो. हा आकडा निसर्गाच्या स्थिरांकांतून येतो, म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या वर्गाची दुप्पट. आणि व्युर्झबुर्गच्या प्रयोगात हा आकडा एक मायक्रोमीटरच्या आसपास लांबीच्या नमुन्यांत मिळाला. लांबी वाढवली की रोध वाढत गेला, कारण इतर इलेक्ट्रॉनांशी व कंपनांशी होणारी ऊर्जेची देवाणघेवाण आणि प्रभारांची छोटी डबकी त्या संरक्षणाला पोखरतात. त्रिमितीय पदार्थाचं कारण प्रश्न ५ मध्ये आलंच आहे.

वर्तमानपत्रांत ‘ऊर्जा न गमावता वीज वाहणार’ असे मथळे येतात तेव्हा मला वाईट वाटतं. खरी गोष्ट त्याहून जास्त सुंदर आहे. उपयोगाची खरी आशा आहे ती फिरकीत: पृष्ठभागातून प्रवाह सोडला की इलेक्ट्रॉनांची फिरकी आपोआप एका दिशेला झुकते आणि शेजारच्या चुंबकीय थराला पिरगळते. २०१४ मध्ये बिस्मथ सेलेनाइडवर बसवलेल्या चुंबकीय थरात असा जोरकस परिणाम खोलीच्या तापमानाला मोजला गेला. चुंबकीय स्मृती कमी विजेत लिहिण्यासाठी ही वाट आहे.

७. ग्राफिनमध्येही ऊर्जेचा शंकू असतो. मग हे ग्राफिनच झालं ना?

संवेगाप्रमाणे ऊर्जा कशी बदलते त्याचा आलेख शंकूसारखा दिसतो, तो हा शंकू. आकार सारखा, हिशेब वेगळा. ग्राफिनमध्ये शंकू संवेगाच्या दोन वेगळ्या जागी असतो (त्यांना व्हॅली म्हणतात), आणि फिरक्याही दोन, असं मिळून तो चारपट होतो. बिस्मथ सेलेनाइडच्या एका पृष्ठभागावर एकच शंकू असतो आणि त्यात फिरकी दिशेशी जखडलेली असते. निव्वळ द्विमितीय जाळीत काल-उलट सममिती (प्रश्न ११) पाळून असा एकटा शंकू मिळत नाही. तो त्रिमितीय पदार्थाच्या पृष्ठभागावरच शक्य आहे, कारण त्याचा जोडीदार समोरच्या पृष्ठभागावर असतो.

८. मी बिस्मथ सेलेनाइडचा स्फटिक वाढवला. थंड केल्यावर रोध धातूसारखा घटतोय. इन्सुलेटर कुठे गेला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला, आणि विचारणारा दर वेळी स्वतःचं काहीतरी चुकलं असं समजून खजील झालेला असतो. तुमचं चुकलं नाही. बिस्मथ सेलेनाइड असाच वागतो.

सेलेनियम उडून जाणारं मूलद्रव्य आहे. स्फटिक वाढताना काही जागा रिकाम्या राहतात, आणि प्रत्येक रिकामी जागा गाभ्याला इलेक्ट्रॉन देते. फर्मी पातळी दरीतून वर सरकून वहन पट्ट्यात जाऊन बसते. पदार्थाचा पीळ शाबूत असतो, पृष्ठभागही वाहत असतो, पण गाभाच इतकं बोलतो की पृष्ठभाग ऐकू येत नाही.

किती, ते पाहा. गाभ्यात दर घन सेंटिमीटरला १० चा १९ वा घात इतके इलेक्ट्रॉन असणं यात नवल नाही. स्फटिक ०.१ मिलिमीटर जाड धरला, तर वरून पाहताना दर चौरस सेंटिमीटरखाली ते १० चा १७ वा घात इतके भरतात. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन दर चौरस सेंटिमीटरला फार तर १० चा १३ वा घात. म्हणजे दहा हजारांत एक. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन कितीही चपळ असले तरी हा फरक भरून निघत नाही.

उपाय चार आहेत आणि ते सहसा एकत्र वापरतात. पहिला, भरपाई: थोडं कॅल्शियम घालून जादा इलेक्ट्रॉन शोषून घेणं. दुसरा, मिश्रण. बिस्मथ, टेल्युरियम आणि सेलेनियम यांचं २:२:१ संयुग अधिक नीट रचलेलं असतं. जपानमध्ये योइची आंदो यांच्या गटाने २०१० मध्ये त्याची कमी तापमानाची रोधकता १ ओहम-सेंटिमीटरच्या वर नेली, आणि पुढच्या वर्षी त्यात अँटिमनी मिसळून प्रमाण आणखी जुळवून आणलं. तिसरा, पातळ पापुद्रे: गाभाच कमी केला की त्याचा आवाजही कमी. चौथा, गेट: पापुद्र्याला ट्रान्झिस्टरसारखं विद्युतदाब देऊन फर्मी पातळी दरीत खेचून आणणं. माझं मत विचाराल तर स्फटिक वाढवणाऱ्यांचं श्रेय या क्षेत्रात फार कमी सांगितलं जातं. सिद्धांतानंतरची बरीच प्रगती भट्टीशेजारी झाली आहे.

९. वहन पृष्ठभागावरूनच होतंय हे सिद्ध कसं करायचं?

सर्वांत थेट पुरावा प्रकाशाचा. स्फटिकावर अतिनील किंवा क्ष-किरण टाकायचे, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा कोन आणि ऊर्जा मोजायची. त्यातून पृष्ठभागाचा शंकू चित्रासारखा दिसतो, फिरकीही मोजता येते. हसन यांच्या गटाचं काम असंच होतं. पण या पद्धतीने अवस्था आहे एवढं कळतं. प्रवाह तिच्यातून जातोय का, ते कळत नाही. गाभा बडबडा असला तरी चित्र सुरेखच येतं.

प्रवाहाचा पुरावा हवा तर जाडी बदलून पाहा. एकाच पदार्थाचे वेगवेगळ्या जाडीचे नमुने घ्या. गाभा वाहत असेल तर रोध जाडीच्या व्यस्त प्रमाणात बदलेल. पृष्ठभाग वाहत असेल तर जाडीने फारसा फरक पडणार नाही. साधी कसोटी, पण मला तीच सर्वांत विश्वासाची वाटते.

आणखी एक कसोटी प्रबळ चुंबकीय क्षेत्रातल्या रोधाच्या आंदोलनांची. नमुना क्षेत्रात तिरपा करत जायचा. आंदोलनं फक्त क्षेत्राच्या पृष्ठभागाला लंब असलेल्या भागावर अवलंबून असतील, तर इलेक्ट्रॉन एका प्रतलात फिरताहेत. इथे एक सापळा आहे. बिस्मथ सेलेनाइडचा पृष्ठभाग हवेत किंवा अवशिष्ट वायूत राहिला की पट्टे पृष्ठभागाजवळ खाली वाकतात आणि तिथे साध्या इलेक्ट्रॉनांचा एक द्विमितीय थर साचतो. तोही प्रतलातलाच, पण त्याला पीळ नाही. म्हणून नुसतं ‘द्विमितीय’ पुरेसं नाही. आंदोलनांची कला (फेज) पाहून इलेक्ट्रॉनच्या तरंगाच्या कलेत एका फेरीत π (पाय) इतका भौमितिक फरक पडतो का, तेही तपासावं लागतं. तेही एकट्याने निर्णायक धरू नका.

१०. माझ्या पापुद्र्यात क्षेत्र शून्याजवळ असताना वाहकतेला टोकदार शिखर दिसलं. टोपोलॉजिकल सिद्ध झालं का?

शिखर पाहून आनंद होतो हे खरं, पण ते पुरेसं नाही. याला वीक अँटिलोकलायझेशन म्हणतात: फिरकी दिशेशी जखडलेली असल्यामुळे एकाच वळशाच्या दोन उलट वाटा एकमेकींना खोडतात, मागे फिरणं कमी होतं, आणि चुंबकीय क्षेत्र लावताच हा फायदा जातो. पण स्पिन-कक्षा जोडणी बळकट असलेल्या कुठल्याही पातळ धातूच्या थरातही हेच दिसतं, अगदी सोन्याच्या सुद्धा.

हिकामी, लार्किन आणि नागाओका यांच्या १९८० च्या सूत्रात बसवून निघणारा गुणांक पाहा. एका स्वतंत्र वाहिनीला उणे ०.५, वरचा आणि खालचा असे दोन स्वतंत्र पृष्ठभाग असतील तर उणे १. तुमच्या नमुन्यात उणे ०.५ आला, तर बहुधा गाभा दोन्ही पृष्ठभागांना जोडून त्यांची एकच वाहिनी करतो आहे. गेटने गाभा रिकामा करत गेल्यावर तो गुणांक उणे १ कडे सरकला, तर मात्र सांगण्यासारखी गोष्ट हाती आली.

११. जवळ चुंबक नेला तर संरक्षण संपतं का?

हे संरक्षण काल-उलट सममितीवर उभं आहे, म्हणजे घड्याळ उलट फिरवलं तरी नियम तेच राहतात यावर. चुंबकत्व ती सममिती मोडतं. तरी टेबलावरचा चुंबक जवळ नेल्याने वहन बंद पडणार नाही. सममिती मोडणं आणि शंकूत मोजता येईल एवढी दरी उघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लक्षात येईल असा परिणाम होतो तो पदार्थातच चुंबकीय अणू बसवले आणि त्यांची चुंबकनं पृष्ठभागाला लंब, एका दिशेला लागली की.

आणि तेव्हा जे घडतं ते या विषयातलं माझं सर्वांत आवडतं. पृष्ठभागाचा शंकू फाटतो, वरचा-खालचा पृष्ठभाग रोधक होतो, आणि प्रवाह फक्त कडेने, तोही एकाच दिशेने वाहू लागतो. २०१३ मध्ये बीजिंगच्या त्सिंगुआ विद्यापीठात शुए चिखुन यांच्या नेतृत्वाखाली क्रोमियम घातलेल्या बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडच्या पापुद्र्यात हे मोजलं गेलं. बाहेरचं क्षेत्र शून्य, आणि हॉल रोध तोच, प्रश्न ४ मधला २५,८१२.८ ओहम. हॉल्डेन यांची १९८८ ची कल्पना अशी पदार्थात उतरली. तापमान मात्र ३० मिलिकेल्विन होतं. पुढे २०२० मध्ये मँगॅनीज स्वतःच्या थरात असलेल्या मँगॅनीज बिस्मथ टेल्युराइडने ते १.४ केल्विनपर्यंत आणलं.

१२. पापुद्रा किती पातळ करता येईल?

बिस्मथ सेलेनाइडमध्ये पाच अणुथरांची एक चळत सुमारे एक नॅनोमीटर जाड असते. सहा चळतींपेक्षा पातळ झालं की वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांच्या अवस्था एकमेकींत मिसळतात आणि शंकूच्या टोकाशी दरी उघडते. गाभा कमी करायचा म्हणून पातळ करत जाताना (प्रश्न ८) ही खालची मर्यादा विसरू नका.

१३. लॅमिंग्टन रोडवर मिळणारं पेल्टियर मोड्यूल बिस्मथ टेल्युराइडचंच असतं. म्हणजे माझ्या हातात टोपोलॉजिकल इन्सुलेटर आहे?

पदार्थाच्या कुळाने पाहिलं तर हो! बिस्मथ टेल्युराइडने थंड करता येतं हे १९५४ पासून माहीत आहे. त्यात पीळ आहे हे कळायला आणखी ५५ वर्षं गेली. मोड्यूलमधल्या छोट्या ठोकळ्यांपैकी अर्धे अँटिमनी मिसळलेले, अर्धे सेलेनियम मिसळलेले असतात. पण त्यांत मुद्दाम भरपूर प्रभारवाहक घातलेले असतात, त्यामुळे उष्णता वाहून नेण्याचं काम गाभाच करतो आणि पृष्ठभागाचा वाटा प्रश्न ८ मधल्या हिशेबासारखा नगण्य राहतो. जड अणू आणि लहान दरी या दोन्ही गुणांची दोन्ही कामांना गरज असते, म्हणून हे पदार्थ दोन्हीकडे भेटतात.

१४. आमच्या कॉलेजात यातलं काय करता येईल?

शंकू दिसणार नाही, पण शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तयार स्फटिक मिळाला तर चिकटपट्टीने पापुद्रे काढा, चांदीच्या लेपाने चार तारा जोडा आणि रोध मोजा. मग द्रव नायट्रोजनमध्ये ७७ केल्विनला. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो तालुक्याच्या गावापर्यंत पोचतो, त्यामुळे मिळवणं दिसतं तितकं अवघड नाही. रोध घटलेला दिसेल. त्यानंतर हॉल दाब मोजा: ०.१ मिलिमीटर जाड नमुना, १०० मिलिॲम्पियर प्रवाह, अर्धा टेस्ला क्षेत्र आणि वर धरलेली वाहकसंख्या असेल तर तो सुमारे ०.३ मिलिव्होल्ट येतो. साध्या मीटरवर वाचता येतो. त्यावरून गाभ्यातले इलेक्ट्रॉन मोजा आणि पृष्ठभागाचा वाटा किती, हा हिशेब स्वतः करा. मुलांना यातून जे कळतं ते दहा व्याख्यानांतून कळत नाही.

स्फटिक वाढवण्याच्या भानगडीत मात्र अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय पडू नका. मूलद्रव्यं क्वार्ट्झच्या नळीत निर्वातात सीलबंद करून सुमारे ७०० अंश सेल्सियसच्या वर वितळवावी लागतात. सेलेनियमच्या वाफेच्या दाबाने नळी फुटू शकते. सेलेनियम आणि टेल्युरियम दोन्ही विषारी आहेत. टेल्युरियम थोडं जरी शरीरात गेलं तरी श्वासाला लसणासारखा वास बरेच दिवस येत राहतो.

१५. वहन स्फटिकाच्या प्रत्येक बाजूला असतंच का?

प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या प्रकारात, ज्याला ‘पक्का’ म्हणतात, हो, प्रत्येक बाजूला, फक्त शंकूचा आकार बाजूनुसार बदलतो. पण अपवाद आहेत. ‘कमकुवत’ प्रकार म्हणजे द्विमितीय थर एकावर एक रचल्यासारखा पदार्थ. त्याच्या बाजू वाहतात, पण माथा आणि तळ नाही.

टिन टेल्युराइड आणखी वेगळा. तिथे संरक्षण काल-उलट सममितीचं नाही, तर स्फटिकातल्या आरशासारख्या सममितीचं. लियांग फू यांनी २०११ मध्ये ही कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती या कुळातल्या पदार्थांत दिसली. जी बाजू ती आरसा-सममिती राखते तिथेच अवस्था सुरक्षित. बाजू अशी कापली की सममितीच मोडेल, तर हमी गेली. आणि काही पदार्थांत पृष्ठभागही रोधक असतात, वहन उरतं ते फक्त दोन बाजू मिळतात त्या धारेवर. शुद्ध बिस्मथमध्ये अशा धारांचे पुरावे २०१८ मध्ये मिळाले.

१६. समेरियम हेक्साबोराइडचं काय? तो यात बसतो की नाही?

हा पदार्थ १९६९ पासून कोडं होता. थंड करत गेलं की त्याचा रोध कित्येक पटींनी चढतो, रोधकासारखा. पण ४ केल्विनच्या खाली चढणं थांबून सपाट होतो. अशुद्धी असतील म्हणून चाळीस वर्षं ते बाजूला पडलं. नमुने जितके शुद्ध केले तितकी सपाटी जाईल अशी अपेक्षा होती. ती गेली नाही.

२०१० मध्ये झेरो, सन, गॅलित्स्की आणि कोलमन यांनी सुचवलं की इथली दरी समेरियमच्या एफ-इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेतून येते आणि तिला पीळ आहे. २०१३ मध्ये दोन गटांनी तपासलं. एकाने स्फटिकाच्या समोरासमोरच्या बाजूंवर जोडण्या केल्या, दुसऱ्याने पाचरीसारखा नमुना घेऊन जाडीनुसार हॉल दाब पाहिला. दोन्हींत गाभा खऱ्या अर्थाने मुका निघाला आणि प्रवाह पृष्ठभागावरून जात होता. बिस्मथ सेलेनाइडवाल्यांना ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, ते इथे थंड केल्याबरोबर आपोआप मिळतं.

मग भांडण कशाचं? आंदोलनांचं. २०१४ मध्ये मिशिगनच्या गटाने चुंबकीय आंदोलनं मोजून ती पृष्ठभागाची असल्याचं सांगितलं. २०१५ मध्ये केंब्रिजच्या सुचित्रा सेबॅस्टियन यांच्या गटाला तशीच आंदोलनं गाभ्यातून येताना दिसली. आंदोलनं तर धातूत होतात, आणि गाभा रोधक आहे! ॲल्युमिनियमच्या द्रावात वाढवलेल्या काही स्फटिकांत अडकलेल्या ॲल्युमिनियमवरही संशय घेतला गेला. केंब्रिजचे स्फटिक ॲल्युमिनियमशिवाय, तरंगत्या वितळपट्ट्याने वाढवलेले होते. म्हणून कुणी समेरियम हेक्साबोराइडवरचा निष्कर्ष सांगितला, की मी आधी विचारतो, स्फटिक कुठल्या पद्धतीने वाढवला होता?